लिनक्सवर 1024 × 768 लाच अडकलेला मॉनिटर: एका गावच्या वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, कापूस-सोयाबीनचं एक गाव आहे. गावाचं नाव आणि माणसांची ओळख इथे देत नाही. गावात एका खोलीचं सार्वजनिक वाचनालय आहे. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी येतात, दुपारनंतर पोलीस भरतीचा आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. तिथे संगणक एकच. पुस्तकांची नोंद त्याच्यावरच होते, आणि गावाचे निम्मे कागदही त्याच्यावरच निघतात: शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा, हॉल तिकीट. हे सगळं ग्रंथपालताई करून देतात. तालुका 22 किलोमीटरवर. एका कागदासाठी तिथे जायचं म्हणजे वेचणीच्या दिवसांत एक मजुरी बुडते. त्यामुळे त्या स्क्रीनवर नीट दिसतं की नाही, याच्याशी गावातल्या बऱ्याच जणांचा संबंध आहे.

संगणक जुना: इंटेलची दुसऱ्या पिढीची आय-थ्री चिप, 4 जीबी रॅम, साडेअठरा इंची मॉनिटर, आणि दोघांना जोडणारी निळ्या टोकांची पाच मीटरची व्हीजीए केबल. केबल एवढी लांब, कारण धूळ आणि उंदरांच्या भीतीने सीपीयू लाकडी कपाटात ठेवलेला आणि मॉनिटर खिडकीजवळच्या टेबलावर. कपाटाच्या पाठीला भोक पाडून केबल बाहेर काढलेली.

त्यावर विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याला मिळणारे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज 11 ला इंटेलची आठव्या पिढीपासूनची चिप आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे हे यंत्र त्यात बसत नव्हतं. मी तालुक्याला संगणक दुरुस्ती आणि शिकवणीचं काम करतो. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली, तिच्यातल्या मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकू, हे मीच सुचवलं. वाचनालयाच्या अध्यक्षांना गाव काकाजी म्हणतं. त्यांनी एकच अट घातली: "काहीही टाका, पण ताईले दुसऱ्या दिवशी काम करता आलं पायजे."

दिवाळीच्या तोंडावर वाचनालयाला चुना मारायचा होता, खोली रिकामी करायची होती. ती संधी साधून सीपीयू तेवढा मी घरी आणला. मॉनिटर आणि केबल तिथेच राहिली. घरी माझ्या मॉनिटरला, माझ्या केबलने जोडून मिंट बसवलं. स्क्रीन आपोआप 1920 × 1080 वर, म्हणजे रुंदीत 1920 आणि उंचीत 1080 ठिपक्यांवर आली, इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड चालला, प्रिंटर ओळखला गेला. दोन दिवस चालवून पाहिलं आणि दिवाळी झाल्यावर सीपीयू एसटीने गावाला पाठवला. तिथल्या पोरांनी तो कपाटात ठेवून जोडला.

अडचण

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, सगळं फुगून राह्यलं. पोरींच्या फोटोतले चेहरे असे पसरट दिसून राह्यले, का ओळखू नाही येत."

व्हॉट्सॲपवर त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. शाळेच्या दाखल्यावरचा गोल शिक्का अंड्यासारखा झाला होता. हा मॉनिटर 1366 उभ्या आणि 768 आडव्या ओळींचा, म्हणजे 16:9 घडणीचा. संगणक मात्र 1024 × 768 चं, म्हणजे 4:3 चं चित्र पाठवत होता. मॉनिटर ते ओढून पूर्ण रुंदीवर बसवतो. उंची तेवढीच आणि रुंदी एक तृतीयांशाने जास्त, म्हणून शिक्का आडवा पसरतो.

पसरटपणाची सवय एक वेळ झाली असती. खरा त्रास अक्षरांचा होता. 1024 ठिपके 1366 जागांवर बसवायचे म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एक आणि वर तिसरा हिस्सा जागा मिळते. तो तिसरा हिस्सा मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत कालवतो. रोमन अक्षरं एवढ्यावर तगून जातात. आपल्या लिपीत अनुस्वार हा लहान आकारात जेमतेम एका-दोन ठिपक्यांचा असतो, आणि तोच आधी पुसट होतो. पहिल्याच दिवशी एका मुलीच्या अर्जात आडनावावरचा अनुस्वार राहून गेला. छापील प्रत हातात आली तेव्हा तिच्या वडिलांच्या लक्षात आलं. नाव आधारशी जुळलं नाही की शिष्यवृत्ती अडकते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अर्ज दुरुस्त झाला, पण त्या प्रकारानंतर मी ही गोष्ट किरकोळ मानली नाही.

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये काय काय दिसतं, ते ताईंना वाचून दाखवायला सांगितलं. चारच पर्याय होते: 1024 × 768, 800 × 600, 848 × 480 आणि 640 × 480. 1366 चा पत्ताच नव्हता.

ही यादी लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्हीजीएवर नेमके हे चारच पर्याय दिसले, तर लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मॉनिटरकडून काहीही कळलेलं नाही. कळलं नाही की कर्नल जोखीम घेत नाही. कोणत्याही मॉनिटरला झेपेल असं 1024 × 768 पर्यंतचंच तो देतो. मला हे वाचून ठाऊक होतं. त्या दिवशी त्याचा अर्थ मी नीट लावला नाही.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात चार मतं पुढे आली.

काकाजींचं मत: परत विंडोज टाका. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच होतं. आधी नीट होतं, लिनक्स आलं आणि बिघडलं. पण सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर गावाचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुकं उघडायची, हे मला पटत नव्हतं.

तालुक्याच्या एका दुकानदाराचं मत: वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवा. खर्च होणार होता आणि गरज नव्हती. त्या चिपमधली ग्राफिक्स माझ्या घरी 1920 × 1080 आरामात चालवत होती.

तिसरं मत नवा मॉनिटर घेण्याचं. वाचनालयाचं अनुदान केव्हा येईल ते सांगता येत नव्हतं, आणि मॉनिटर चांगला असताना तो बदलायचा कशाला, असं ताईंचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं.

चौथं माझं: लिनक्सला हातानेच सांगायचं की मॉनिटर 1366 × 768 चा आहे. पैसा लागत नाही, एका फेरीत होतं. हेच ठरलं.

या यादीत पाचवा पर्याय यायला हवा होता: दुसरी केबल लावून पाहणे. तो कुणाच्याच बोलण्यात आला नाही. हाच सीपीयू माझ्या घरी माझ्या केबलवर आणि माझ्या मॉनिटरवर बिनतक्रार चालला होता. म्हणजे लिनक्स, चिप आणि सीपीयूचा सॉकेट हे तिन्ही तपासून झालेले होते. उरल्या होत्या दोनच गोष्टी, मॉनिटर आणि केबल. मी मात्र "मॉनिटर जुना आहे, माहिती देत नसेल" असं धरून चाललो. आधी विंडोजवर त्याच मॉनिटरने माहिती दिली होती, हेही मनात आलं नाही. पुढचे तीन आठवडे त्यात गेले.

पहिली फेरी: स्क्रीन हाताने बसवली

गावी गेल्यावर आधी दोन गोष्टी पाहिल्या. ग्रबमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूच्या सेटिंगमध्ये, 'नोमोडसेट' हा शब्द राहून गेलाय का? मिंट कंपॅटिबिलिटी मोडमधून बसवलं असेल तर तो राहू शकतो. मग खरा ग्राफिक्स ड्रायव्हर उठतच नाही आणि रेझोल्यूशन असंच अडकतं. तो नव्हता. ड्रायव्हर कोणता चालू आहे ते पाहिलं, तर इंटेलचा आय-915 होता. दोन्ही ठीक.

मग 'सीव्हीटी' या आज्ञेला 1366 आणि 768 हे आकडे दिले. ती मॉनिटरला लागणाऱ्या वेळापत्रकाची एक ओळ तयार करून देते, तिला मोडलाइन म्हणतात. ती 'एक्सरँडआर' या स्क्रीन बदलणाऱ्या आज्ञेला द्यायची: आधी नवा मोड म्हणून नोंदवायची, मग व्हीजीए-1 या जोडणीला लावायची, मग चालू करायची. तीन आज्ञांत चित्र भरून आलं. शिक्का गोल झाला. खोलीतली पोरं "झालं, झालं" म्हणाली आणि ताईंनी चहा टाकला.

तरी अक्षरं मला पूर्ण स्वच्छ वाटत नव्हती. स्क्रीनच्या मधल्या पट्ट्यात ती किंचित मऊ दिसत होती, कडांना ठीक. मॉनिटरवरचं ऑटो ॲडजस्टचं बटण दाबून फरक पडला नाही. मोडलाइन पुन्हा वाचली तेव्हा कारण सापडलं: सीव्हीटीने 1366 मागितले असताना 1368 दिले होते. त्या सूत्रात रुंदी 8 च्या पटीत घ्यावी लागते, आणि 1366 ला 8 ने भाग जात नाही. दोन उभ्या ओळी जास्त पाठवल्या जात होत्या आणि मॉनिटर त्या 1366 मध्ये कोंबत होता. तेवढ्यानेही मध्यावरची अक्षरं ढिली पडतात.

उपाय असा, की 1366 × 768 साठी सूत्र वापरायचं नाही. व्हेसा या संस्थेने ठरवून दिलेले आकडे थेट द्यायचे: ठिपक्यांची गती 85.5 मेगाहर्ट्झ, आडवे आकडे 1366, 1436, 1579, 1792, उभे आकडे 768, 771, 774, 798, आणि दोन्ही सिंक (नवी ओळ आणि नवं चित्र सुरू करण्याचे इशारे) धन. 85.5 मेगाहर्ट्झला 1792 आणि 798 यांच्या गुणाकाराने भागलं की सेकंदाला 59.79 चित्रं येतात, म्हणजे नेहमीच्या 60 च्या जवळच. हे आकडे दिले आणि मधला पट्टाही स्वच्छ झाला. ज्या आडनावात अनुस्वार हरवला होता, ते ताईंनी मोठ्या आवाजात वाचलं.

एक्सरँडआरने केलेला बदल मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. म्हणून त्या तिन्ही आज्ञा ताईंच्या खात्यातल्या 'एक्सप्रोफाइल' या फाइलमध्ये लिहिल्या. लॉगिन झालं की त्या आपोआप चालतात. चारच्या एसटीने परत आलो.

दुसरी फेरी: सगळ्या खात्यांसाठी एकच फाइल

चार दिवसांनी पुन्हा फोन. यंत्रावर दोन खाती होती, एक ताईंचं आणि एक वाचकांसाठी. वाचकांच्या खात्यात शिक्का परत अंड्यासारखा. लॉगिनच्या स्क्रीनवरही तसंच. साहजिक होतं, आज्ञा एकाच खात्यात लिहिलेल्या होत्या.

या वेळी निर्णयाची जागा होती. एक तर दुसऱ्या खात्यातही त्याच ओळी टाकायच्या. नाही तर खुद्द एक्स सर्व्हरलाच, म्हणजे खिडक्या आणि चित्रं पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रामलाच, सांगायचं. मी दुसरं निवडलं. सिस्टीमच्या 'एक्सओआरजी डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल केली. तिच्यात व्हीजीए-1 चं नाव, तीच मोडलाइन आणि "हाच मोड पसंत कर" एवढी सूचना. आता लॉगिनपासून सगळीकडे 1366 × 768.

तांत्रिकदृष्ट्या हे काम नेटकं होतं. पण त्याचा अर्थ असा की या संगणकाला आता कोणताही मॉनिटर जोडला, तरी तो साडेअठरा इंचीच आहे असं तो धरून चालणार. परत कसं फिरायचं हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही. ताईंनाही सांगितलं नाही.

फोनवरची संध्याकाळ

रब्बीला पाणी सुरू झालं की गावातल्या मोटारींचा भार वाढतो. लाइन जाते, येते, आणि येताना कधी जोरात येते. अशाच एका दुपारी मॉनिटर गेला. सीपीयू वाचला. शाळेने आपला जुना पंधरा इंची मॉनिटर तात्पुरता दिला. तो 4:3 चा, मूळचाच 1024 × 768. तो जोडला. सुरुवातीला कंपनीची खूण दिसली, मिंटचं चिन्ह दिसलं, आणि मग काळा पडदा आणि मधोमध "आउट ऑफ रेंज".

1024 × 768 चा मॉनिटर 75 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 75 चित्रांवर, चालवला तरी ठिपक्यांची गती 78.75 मेगाहर्ट्झ लागते. माझी फाइल त्याला 85.5 पाठवत होती. त्याने नकार दिला, आणि लॉगिनच्याही आधी दिला, कारण फाइल सगळ्यांसाठी होती.

तीन मुली अर्ज भरायला बसल्या होत्या. शेवटची गाडी गेलेली, मला तिथे पोहोचणं शक्य नव्हतं.

एक वाट उघडी होती. ती फाइल फक्त एक्स सर्व्हर वाचतो. लिनक्सचा साधा अक्षरांचा पडदा थेट कर्नल चालवतो आणि तो अजून 1024 × 768 वरच होता. मी सांगितलं, "ताई, कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, आणि वरच्या ओळीतलं एफ-3 दाबा."

"आलं काहीतरी. काळ्यावर पांढरी अक्षरं. लॉगिन म्हणून राह्यलं."

"तुमच्या खात्याचं नाव टाका, एंटर मारा. मग पासवर्ड."

"पासवर्ड टाकून राह्यली पण काहीच नाही उमटत. बटण खराब झालं काय?"

"उमटतच नाही तिथे. चांदण्यासुद्धा येत नाहीत. न पाहता टाका आणि एंटर."

मग आज्ञा. एकेक अक्षर. स्लॅश कुठला, तर प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा, शिफ्ट न दाबता. जागा कुठे सोडायची, कुठे नाही. अर्धं नाव लिहून टॅब दाबलं की पुढचं यंत्र स्वतः लिहितं, हे सांगितल्यावर ताईंचा आवाज बदलला. "हे तं छान हाय, भाऊ. मले आधी काऊन नाही सांगितलं?" ती फाइल तिथून उचलून त्यांच्या खात्यात नेऊन ठेवायची, एवढंच काम होतं. एक्सप्रोफाइलमधल्या माझ्या जुन्या ओळींसमोर मी दुसऱ्या फेरीत हॅशचं चिन्ह टाकून त्या बंद केल्या होत्या, म्हणून त्या आड आल्या नाहीत. रीस्टार्ट केलं. पंधरा इंची मॉनिटरवर 1024 × 768 अगदी चपखल बसलं.

"दिसून राह्यलं," ताई म्हणाल्या. मुलींचे तिन्ही अर्ज त्या रात्री भरून झाले.

ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या काळ्या पडद्यावर काम केलं, तेही समोर माणसं ताटकळत असताना. या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम मी तेच मानतो.

तिसरी फेरी: बारावी पिन

त्या रात्री मी आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न स्वतःला विचारला: संगणकाला मॉनिटरचं ऐकू का येत नाही?

मॉनिटरच्या पोटात किमान 128 बाइटची एक छोटी ओळखचिठ्ठी असते. ईडीआयडी म्हणतात तिला. 1994 पासून हा प्रकार आहे. कोणी बनवलं, कधी बनवलं, स्क्रीन किती सेंटिमीटरची, कोणतं रेझोल्यूशन मूळचं, हे सगळं तिच्यात असतं. संगणक सुरू होताना केबलमधूनच ती मागून घेतो आणि वाचून स्क्रीन बसवतो. लिनक्समध्ये ती चिठ्ठी आली की नाही, हे उघड पाहता येतं. 'सिस' फोल्डरमध्ये 'क्लास', त्यात 'डीआरएम', त्यात व्हीजीए-1 च्या फोल्डरमध्ये 'ईडीआयडी' नावाची फाइल असते. गावी जाऊन ती उघडली. पंधरा इंची मॉनिटर जोडलेला असताना तिच्यात शून्य बाइट.

साडेअठरा इंचीची चिठ्ठी आली नव्हती, हे त्या चार पर्यायांच्या यादीवरून आधीच दिसलं होतं. आता पंधरा इंचीचीही येत नव्हती. दोन वेगवेगळे मॉनिटर एकाच वेळी मुके होत नाहीत. आता केबलच उरली.

कपाट पुढे ओढलं. सीपीयूच्या बाजूचा प्लग हलत होता, त्याचे दोन्ही स्क्रू आवळलेलेच नव्हते. प्लग काढून खिडकीशी उजेडात धरला. व्हीजीएच्या प्लगमध्ये तीन ओळींत 15 पिना असतात. रुंद बाजू वर ठेवून प्लगच्या तोंडाकडे पाहिलं तर खालच्या ओळीत डावीकडून दुसरी, ती बारावी. ती आडवी झोपली होती, शेजारच्या पिनेला टेकेल इतकी. तिच्या बुडाशी चुन्याचा पांढरा कण अडकला होता. चुना मारताना कपाट हलवलं, केबल काढली, आणि सीपीयू परत आल्यावर अंधाऱ्या कपाटात हात घालून प्लग तिरपा दाबला गेला. पोरांचा दोष नाही. तिथे दिसतच नाही.

मधल्या ओळीतली नववी पिन नव्हतीच. पण ती बऱ्याच चांगल्या केबलींतही नसते, मॉनिटर तिच्याशिवाय चालवून घेतो. बारावी आणि पंधरावी मात्र लागतातच. ओळखचिठ्ठी त्याच दोन पिनांतून येते, बारावीतून मजकूर आणि पंधरावीतून ताल.

पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. त्यातली एक तुटली तर पडदा पिवळा, गुलाबी किंवा आकाशी पडतो आणि लहान पोरही म्हणतं, केबल पाहा. तेरावी-चौदावी गेली तर चित्रच लागत नाही. बारावी गेली तर चित्र सुरेख येतं, रंग बरोबर येतात, फक्त संगणकाला समोर कोण आहे ते कळत नाही. म्हणून केबलवर कुणाचाच संशय जात नाही, आणि ठपका त्या आठवड्यात जे नवीन आलं असेल त्याच्यावर बसतो. इथे ते लिनक्स होतं.

दाभणाने पिन सरळ करायला गेलो तर तुटली. सोबत घरची दीड मीटरची केबल आणली होती, ती लावली. फाइल पुन्हा पाहिली: 128 बाइट.

निकाल

साडेअठरा इंची मॉनिटरच्या वीजपुरवठ्याच्या बोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. तालुक्यात ते बदलून मॉनिटर आठवड्याभरात परत आला. जोडला आणि काहीही न करता 1366 × 768 वर उभा राहिला. खात्री म्हणून लगेच पंधरा इंची लावून पाहिला, तो आपोआप 1024 × 768 वर गेला. मी लिहिलेली फाइल आणि एक्सप्रोफाइलमधल्या ओळी पुसून टाकल्या. आज त्या यंत्रावर स्क्रीनसाठी हाताने केलेली एकही सेटिंग नाही.

काकाजींनी विंडोजचा विषय नंतर काढला नाही. मॉनिटरच्या दुरुस्तीसोबत एक स्टॅबिलायझर मात्र त्यांनी स्वतःहून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोनवरच एक प्रश्न विचारायचा होता: "तुमच्या यंत्राला शेवटचं नीट दिसलं, तेव्हापासून काय काय बदललं?" उत्तरात लिनक्स आलं असतं, तसा चुनाही आला असता, कपाटही आलं असतं. मी लिनक्सचा माणूस म्हणून लिनक्समध्येच शोधत बसलो.

पहिल्या फेरीत एक्सरँडआर वापरलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. अर्जांचे दिवस होते, काम सुरू होणं गरजेचं होतं. पण तिथे थांबून ईडीआयडीची फाइल पाहायला एक मिनिट पुरलं असतं. तात्पुरता उपाय लागू पडला की शोध थांबतो, तसा माझा थांबला.

सर्वात जास्त खंत दुसऱ्या फेरीची आहे. सगळ्या खात्यांवर लागू होणारी फाइल लिहिताना परतीची वाट लिहून द्यायलाच हवी होती. संध्याकाळचा तो फोन लागला म्हणून निभावलं. त्या भागात पावसात दोन-दोन दिवस रेंज नसते.

हाताने मोड लादण्याची वेळ खरोखर येते ती वेगळी. शाळेच्या हॉलमध्ये एका संगणकावरून मॉनिटर आणि प्रोजेक्टर दोन्ही चालवायला मध्ये स्प्लिटर लावतात. स्वस्त स्प्लिटर चिठ्ठी पुढे जाऊच देत नाहीत, आणि तिथे केबल बदलून भागत नाही. अशा ठिकाणी मी आता मोडलाइन लिहीत नाही. मॉनिटर एकदा थेट जोडून त्याची खरी ईडीआयडी फाइल उतरवून घेतो आणि सुरू होताना कर्नलला तीच वाचायला लावतो. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर एक्सरँडआरने नवा मोड घालताही येत नाही, तिथे कर्नलच्याच वाटेने जावं लागतं. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती एक्सवर चालते, म्हणून इथे ते जमलं होतं.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. स्क्रीन काळी पडली तर कोणती बटणं, कोणती आज्ञा, पासवर्ड टाकताना काही उमटत नाही, हे सगळं ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. शेवटची ओळ मी सांगितलेली नव्हती, त्यांनीच घातली: "केबल लावताना बॅटरी घेऊन पाहणे. दोन्ही स्क्रू हाताने आवळणे."

नवी केबल आखूड असल्यामुळे सीपीयू सध्या टेबलावरच आहे. चांगल्या प्रतीची पाच मीटरची केबल तालुक्यात मिळाली नाही, नागपूरहून मागवायची आहे. तोवर रात्री वाचनालय बंद करताना ताई त्याच्यावर जुन्या लुगड्याचं कापड टाकतात आणि सकाळी बटण दाबायच्या आधी काढून ठेवतात.